पिक अप, म्हणजे नेमकं काय उचलायचं?

बॉसचा मेल येतो, ‘कॅन यू पिक धिस अप?’ आणि तुम्ही टेबलाखाली बघता, काय पडलंय ते! हसू नका. ‘पिक अप’ म्हणजे ‘उचलणे’ एवढाच फंडा डोक्यात असेल, तर ऑफिसात लोच्या ठरलेलाच. बॉसचं म्हणणं एवढंच, की हे काम आता तुमच्या गळ्यात. विचार न करता ‘शुअर’ म्हणालात की शुक्रवारची संध्याकाळ गेली! ‘लेट्स पिक धिस अप टुमारो’ म्हणाला, तर मात्र खुशाल घरी जा. विषय जिथे थांबला, तिथून उद्या पुढे.

पण टेन्शन घेऊ नका. आपलं ‘उचलणे’सुद्धा काही कमी नाही. आपण फोन उचलतो, तेही फोन पिक अप करतात. पोलिसांनी कुणाला ‘उचललं’, तर इंग्रजीतही ते पिक अपच. पोरगं गाण्याची चाल पटकन उचलतं ना? तसंच चेन्नईत राहून, क्लास न लावता, नुसतं ऐकून तमिळ पिक अप करता येतं. बाइकवाल्यांना तर ‘पिकअप’ शिकवायलाच नको. गाडीसारखाच वाराही पिक अप होतो आणि थंडावलेला धंदाही.

फारकत होते ती पुढे. आपल्याला सर्दी ‘होते’, ते ती पिक अप करतात. येता येता दूध-ब्रेड आणणं, तेही पिक अप. हॉटेलात कुणी ‘आय विल पिक अप द टॅब’ म्हणालं, तर निवांत स्वीट डिश मागवा, बिल तो भरतोय! पगारातली ‘उचल’ मात्र इंग्रजीत ॲडव्हान्सच.

आता सगळ्यात डेंजर प्रकार. ‘आय पिक्ड हर अप ॲट द स्टेशन’ म्हणजे तिला स्टेशनवरून गाडीतून आणलं. ‘आय पिक्ड हर अप ॲट अ बार’ म्हणजे अनोळखी मुलीला बारमध्ये पटवलं! पार्टीनंतर सहकारी मुलीला घरी सोडलंत आणि क्लायंटसमोर हे दुसरं वाक्य फेकलंत, तर तुमच्या इमेजचं जाऊ द्या, त्या बिचारीची नाहक चर्चा होईल. तिथे ‘आय गेव्ह हर अ लिफ्ट’ म्हणा आणि सुटा.

जाता जाता थोडं ग्रामर. ‘पिक अप द फाइल’ आणि ‘पिक द फाइल अप’, दोन्ही चालतं. पण हिम, हर, इट आलं की त्याची जागा मधेच. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ साफ चूक. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर द्या. गाडीचा पिकअप किंवा पिकअप व्हॅन म्हणताना तो ‘पिक’वर. आणि अर्थाबद्दल शंका आलीच, तर काय पिक अप करायचंय तेवढं बघा. फोन, बिल, भाषा की माणूस? तिथेच उत्तर मिळेल.