दीडपट वेगाने कुठं निघालोय आपण?

शुक्रवारी रात्री मी ‘द डिसायपल’ दीडपट वेगाने बघितला. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं भांडण करायला तोंड राहील. आठवडाभर रिलीजची धावपळ होती. लॅपटॉप मिटला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि सिनेमा दोन तासांच्या वरचा. दीडपटीवर टाकला की दीड तासाच्या आत संपतो. इंजिनिअरिंगला बॅकलॉगच्या भीतीने मी अख्खे विषय यूट्यूबवर दुप्पट वेगाने काढलेत, मग सिनेमाचं काय एवढं?

या सिनेमात शरद नेरूळकर हा शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो. कानात माईंच्या व्याख्यानांचं जुनं रेकॉर्डिंग. साधना, एकटेपणा, वर्षानुवर्षांचा संयम असं काय काय माई बोलत असतात, आणि तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे. दृश्य स्लो मोशनमध्ये आहे. चैतन्य ताम्हाणेंनी गाडीचा वेग मुद्दाम कमी केला, मी तो परत वाढवला. माझ्या स्क्रीनवर शरद पार्सल पोचवायला निघालेल्या पोरासारखा दिसत होता आणि माई सेलची जाहिरात वाचल्यासारख्या संयमावर बोलत होत्या.

रूममेटने विचारलं, कसा आहे? मी म्हणालो, “चांगलाय, पण जरा स्लो आहे.”

स्वतःच्या या वाक्याची लाज मला शनिवारी वाटली. पप्पा गावाहून आले होते. टीव्हीवर ‘कोर्ट’ लावला. ताम्हाणेंचाच, २०१४ साली व्हेनिसला गौरवलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. नारायण कांबळे या लोकशाहिराला पोलीस पकडतात. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. मग सुरू होतात तारखा. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. कागद नाही, पुढची तारीख. तिसऱ्या तारखेला माझा हात रिमोटकडे गेला. पप्पा म्हणाले, “राहू दे रे. असंच असतं ते.”

त्यांना माहीत असणारच. बांधावरून आमचा एक खटला मी शाळेत असल्यापासून चालू आहे. तारखेला जायचं म्हणजे काय, हे त्या रात्री पहिल्यांदा मी त्यांच्याकडून सविस्तर ऐकलं. पहाटेची एसटी, फडक्यात बांधलेली भाकरी, वकिलाच्या चहाचे पैसे, दिवसभर व्हरांड्यात उभं राहणं आणि चार वाजता पुकारा होऊन पुढची तारीख. हे सगळं ते मला आधीही सांगत आले होते, व्हॉइस मेसेजवर. ते मेसेज मी दुप्पट वेगाने ऐकत आलोय.

आता माझं म्हणणं सरळ मांडतो. सिनेमा पळवून बघणं हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वेग वाढवला की गोष्ट तशीच राहते, पण माणसं पातळ होतात. ‘कोर्ट’मधली सरकारी वकील नूतन कोर्टात कलमं घडाघडा वाचते. तेवढंच बघितलं तर ती व्हिलन ठरते. पण ती लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. या प्रसंगांत खटला एक इंचही पुढे सरकत नाही, म्हणून बोट नेमकं तिथेच पळवायला जातं. आणि नूतन आपल्यासारखीच आहे ही अवघड गोष्ट नेमकी तिथेच कळते.

मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष घ्या. गटारात उतरण्याआधी तो झुरळ दिसतंय का ते बघायचा. झुरळ जिवंत म्हणजे आत हवा आहे. ती हे कसलाही आव न आणता, थांबत थांबत सांगते. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, आणि सिनेमा त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्या बाईने घेतलेला वेळ कापायचा हक्क मला कुणी दिला? ॲपने दिला, हे खरं उत्तर आहे.

आणि ॲप बनवणारे आम्हीच. आमच्या धंद्यात सिनेमाला सिनेमा म्हणत नाहीत, ‘कंटेंट’ म्हणतात. कंटेंट म्हटलं की तो संपवायचा असतो. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने वेग बदलायची सोय तपासायला घेतली तेव्हा जड ॲपटॉवसारखे हॉलिवूडचे दिग्दर्शक भडकले होते. तरीही पुढच्या वर्षी बटण आलं. ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. स्क्रीन रीडरमुळे वेगाने ऐकायची सवय असलेल्या अंध प्रेक्षकांना ते उपयोगी आहे. सबटायटल वाचायला जास्त वेळ लागतो त्यांना वेग कमी करता येतो. त्यांची गरज वेगळी आणि आपली अधीरता वेगळी.

“वेळच नाही” हे उत्तर मला पाठ आहे, मीच देतो ते. पण शुक्रवारी ‘द डिसायपल’मधून वाचवलेल्या चाळीसेक मिनिटांचं मी काय केलं? रील्स बघितल्या. “संथ सिनेमे म्हणजे शहाण्या लोकांचं नाटक” हेही ऐकलंय, आणि काही सिनेमांबाबत ते खरंही आहे. कंटाळा आला तर सिनेमा बंद करा. त्यात प्रामाणिकपणा आहे, तुम्ही दिग्दर्शकाला सरळ ‘नाही’ म्हणता. पळवून बघणारा ‘नाही’ही म्हणत नाही आणि बघतही नाही. वर मत देतो.

रविवारी आम्ही ‘फँड्री’ बघितला. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा मी कॉलेजात पाहिलेला, आणि लक्षात राहिला होता तो शेवटचा दगड. या वेळी लक्षात राहिलं त्याच्या आधीचं. जब्याच्या घरचे शाळेजवळ डुक्कर धरायला धावतायत, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर मात्र चालू लागतं. राष्ट्रगीताची ठरलेली लांबी साधारण ५२ सेकंद. ते आपण कधी घाईत उरकत नाही. पण त्या मानासाठी हातची शिकार सोडून उभ्या राहिलेल्या कचरूला तेवढा वेळ द्यायला आपलं बोट तयार नसतं. पप्पा हसले, मग गप्प झाले. हसण्यापासून गप्प होण्यापर्यंत जायला त्यांना जो वेळ लागला, तो दीडपटीत मिळालाच नसता.

सोमवारी सकाळी ते परत गेले. दुपारी स्टँडअपच्या आधी त्यांचा मेसेज आला, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. सवयीने अंगठा वेगाच्या आकड्यावर गेला होता, तो मागे घेतला. त्यात एसटीचा खडखडाट होता, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत होती आणि मग बराच वेळ काहीच नव्हतं. शेवटी म्हणाले, पुढची तारीख एकवीसला आहे, जमलं तर ये.

रजा टाकलीये. ‘द डिसायपल’ पुन्हा बघायचा राहिलाय. सवड होईल तेव्हा बघेन, एकपट वेगाने.