नामंजूर केलेला अर्ज

परवा नांदेडला एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आजकालचे डॉक्टर पैशाच्या मागे लागलेत हो! खेड्यात जायला कुणी तयार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र खाली मान घालून जेवत राहिलो. कारण खेड्यात जायला तयार असलेली एक डॉक्टर मी पाहिली होती, आणि तिला मीच परत पाठवले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते आणि किनवट तालुक्यातला इस्लापूरचा भाग माझ्या वाट्याला आला होता. पैनगंगेच्या काठचा हा जंगलाचा मुलूख. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायला शहरातले लोक येत आणि संध्याकाळच्या आत परतत. आसपास गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांच्या वस्त्या. बाळंतपणे बहुतेक घरीच, सुईणीच्या हातून. एखादी अडली तर बैलगाडी, मग मिळाली तर जीप, मग किनवट किंवा नांदेड. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर मीटरगेजची गाडी होती. पण बाळंतपणाच्या कळा वेळापत्रक पाहून येत नाहीत.

अशात एक तरुण डॉक्टरीणबाई अर्ज घेऊन आल्या. प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयात नुकत्याच एम.डी. झालेल्या. आजोळ याच भागातले. इस्लापूरला सहा खाटांचे प्रसूतिगृह काढायचे होते. मी विचारले, "पेशंट पैसे देतील का?" त्या म्हणाल्या, "सुगी झाली की देतील, साहेब." इतके प्रामाणिक उत्तर कर्ज मागणाऱ्याने देऊ नये! तारण अपुरे, उत्पन्नाची खात्री नाही, असा शेरा मारून मी कागद मिटवले. दोन वर्षांनी त्यांना नांदेडच्या दवाखान्यासाठी सहज कर्ज मिळाले. नियमाने मी चुकलो नव्हतो. तेच मनाला लागते.

पुढे कादंबरीच्या निमित्ताने काही स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोललो, तेव्हा या पेशाचा आवाका कळला. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, त्यावर एम.डी.ची तीन. हे सगळे शिकूनही ती व्यक्ती एकटी पुरत नाही. सिझेरियनला भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे, बाळ रडले नाही तर त्याला सांभाळणारे हात हवेत. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही, तर धडधाकट बाई दोन तासांत हातची जाते. म्हणजे मी कर्ज मंजूर केले असते, तरी बाईंचा अर्धा अर्ज अपुराच राहिला असता. तो पुरा करणे त्यांच्या हातात नव्हते. समाजाच्या आणि सरकारच्या होते.

आणि बाळंतपण म्हणजे या शास्त्राचा शेवट नव्हे. डॉ. राणी बंग नागपूरच्या एम.डी. आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्या पती डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीला गेल्या. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगाला कळले की खेड्यातली बाई केवळ गर्भारपणात आजारी नसते. अंगावरून जाणे, पोटातले दुखणे, अंग बाहेर येणे हे ती वर्षानुवर्षे पदराखाली झाकून शेतात राबते. कुणी विचारले नाही, म्हणून तिने सांगितले नाही. गडचिरोलीही जंगलाचा, गोंडांचाच मुलूख. मी शेरा मारला तेव्हा हा अभ्यास छापून झाला होता. माझ्या टेबलावर तो कधी आला नाही, आणि मीही शोधला नाही.

काळ बदलला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. २०१८-२० या काळात राज्यातले मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. पण सरासरीला पुणेही असते आणि इस्लापूरही. पुण्याची बेरीज इस्लापूरच्या बाईला वाचवत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की डॉक्टरांना त्यागाचे धडे देणे पुरे करावे. खेड्यात एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद भरू नये. त्यासोबत भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, साठवलेले रक्त आणि रात्रीची गाडी द्यावी. राहायला घर, मुलांना शाळा द्यावी. एखादी बाई दगावली की दवाखान्यावर धोंडे घेऊन धावू नये. आणि बँकेतल्या माझ्या धाकट्या भावंडांनी 'सुगी झाली की देतील' हेही तारण समजावे.

मध्यंतरी त्या डॉक्टरीणबाईंच्या नांदेडच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी ओळखले, चहा पाजला, जुन्या अर्जाचा विषय काढला नाही. बाहेर बाकावर दोघीजणी बसल्या होत्या. सहज विचारले, "कुठून आलात, माय?"

"इस्लापूरकडून," त्या म्हणाल्या. "पहाटेच निघालो."

कर्ज मी नाकारले होते. त्याचे व्याज त्या अजून फेडताहेत.