कागद खरा ठरवावयाचा कोणी?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बोर्ली पंचतनच्या परिसरात घरांची छपरे उडाली आणि माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. या नुकसानीचे पंचनामे झाले. परंतु कोकणातील घरात आणखी एक मालमत्ता असते व तिचा पंचनामा सहसा होत नाही. माळ्यावरच्या पेटीत, जुन्या फडक्यात बांधलेली आजोबा-पणजोबांची खरेदीखते, वाटणीपत्रे आणि गहाणखते ती ही मालमत्ता. मुंबईत राहणाऱ्या आमच्या अनेक वाचकांना या दप्तराची आठवण वाटणीचा दावा उभा राहीपर्यंत होत नाही. आणि होते तेव्हा हाती येतो तो भिजून विटलेला, घडीवर फाटलेला एक कागद.

असा कागद घेऊन मनुष्य दिवाणी न्यायालयात जातो. त्याची समजूत अशी असते की, कागद दाखविला म्हणजे काम झाले. कागद हजर करणे निराळे आणि तो शाबीत करणे निराळे, हे त्याला तेथे कळते. कागदावर निशाणी क्रमांक पडला एवढ्याने त्यातील मजकूर खरा ठरत नाही. सही ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच आहे, हे कोणी तरी शपथेवर सांगावे लागते. आणि ते सांगणाऱ्याने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ते अक्षर त्याच्या परिचयाचे असावे. आम्ही शाळेत शिकवीत असताना रजेच्या चिठ्ठ्यांवर ‘वडिलांची’ सही पुष्कळदा पाहिली आहे. ती कोणाची हे आम्ही ओळखीत असू, कारण वडिलांचे आणि चिरंजिवांचे अक्षर आम्हांला सारखेच ठाऊक होते. कायदा याहून फारसे वेगळे काही मागत नाही.

हा काटेकोरपणा निष्कारण आहे, असे आम्हांला वाटत नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये इंग्रजांनी गादीवरून दूर केले, ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या व अशाच इतर आरोपांवरून. ते कागद बनावट आहेत असे महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते. उघड न्यायालयात त्यांची छाननी कधी झालीच नाही. रंगो बापूजींनी त्यासाठी विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घातले. महाराज 1847 मध्ये काशीस वारले. कागद न तपासता विश्वास ठेवणारी सत्ता काय करू शकते, हे महाराष्ट्राला निराळे शिकवावयास नको.

तेव्हा प्रश्न नियमाचा नसून त्याच्या ओझ्याचा आहे. तीस वर्षांहून जुना दस्त जेथे असावयास हवा तेथूनच आला, तर त्यावरील सही व अक्षर खरे मानण्याची मुभा कायदा न्यायाधीशाला देतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ती होती आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. परंतु ही मुभा अस्सल दस्तापुरती. नकलेला ती लागू नाही. अस्सल नष्ट झाला असेल, तर तो होता आणि गेला हे आधी शाबीत करावे लागते. त्यात श्रीवर्धन महाल 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्या काळचे पुष्कळ कागद मोडीत असावयाचे, आणि ती वाचणारे आता किती उरले? सातबारा दाखवून भागेल असे पुष्कळांना वाटते. पण तो महसुलाचा उतारा आहे, मालकीचा दस्त नव्हे.

आता यंत्रातल्या कागदांची भर पडली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाची 2014 ची निवडणूक अवघ्या 296 मतांनी निकालात निघाली. विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांचे अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातील चित्रफितीच त्याला साक्षी होत्या. परंतु त्यांना जोडावयाचे, कायद्याने आवश्यक ठरविलेले प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये तो निर्णय कायम केला, तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपूनही गेली होती! मूळ यंत्र मालकाने स्वतः हजर केले नाही, तर प्रमाणपत्र अनिवार्यच, असे न्यायालयाने ठरविले. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सारे केले, त्याला अशक्याची सक्ती करता येणार नाही, असेही म्हटले.

नव्या अधिनियमाने या प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि संगणकीय नोंदीची ओळख पटविणारा अंक, ज्याला हॅश म्हणतात, तोही त्यात लिहावयाचा. बनावट चित्रे व आवाज चुटकीसरशी तयार होण्याच्या या दिवसांत त्याची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु बोर्ली पंचतनच्या बागायतदाराने भिजलेल्या खताचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवले असेल, तर त्याने तज्ज्ञ कोठे शोधावा आणि त्याची फी कोणी द्यावी?

ज्याच्या ताब्यात दप्तर, त्याच्यावर प्रमाणपत्राची जबाबदारी असली पाहिजे. जालन्याच्या प्रकरणात दप्तर सरकारी होते, तरी हेलपाटे नागरिकाने घातले. दुय्यम निबंधकाच्या आणि तहसीलदाराच्या कार्यालयांतून प्रमाणित नक्कल अथवा संगणकीय प्रमाणपत्र ठराविक दिवसांत मिळावे, न दिल्यास नकाराचे कारण लेखी द्यावे, एवढा नियम शासनाने करावा. किनाऱ्यावरील तालुक्यांची जुनी दप्तरे, विशेषतः मोडीतील, पुराभिलेख संचालनालयाच्या जाणकारांकडून वाचवून घेऊन त्यांच्या प्रमाणित प्रती वादळाच्या वाटेपासून दूर ठेवाव्यात. आणि ज्या वाचकांचे घर कोकणात आहे, त्यांनी येत्या पावसाळ्याआधी ती पेटी एकदा उघडावी, नोंदलेल्या खतांच्या प्रमाणित नकला काढून घ्याव्यात, आणि जुन्या सह्या ओळखणारे घरातले वडीलधारे अद्याप हयात असतील, तर त्यांना त्या दाखवून, कोणती सही कोणाची हे विचारून घ्यावे.