खिडकीबाहेरचे प्रश्न

पावसाळा लागला की शनिवारी सकाळी पुण्याहून ताम्हिणीकडे गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या कित्येक गाड्यांत पिरंगुट मागे पडेपर्यंत बोलायचे विषय संपलेले असतात. कोण आले नाही, घरच्यांनी सोडले नाही की साहेबांनी, पेट्रोलचे पैसे कोण कोणाला देणे लागतो, एवढे बोलून झाले की एकेक जण मोबाइलमध्ये डोके घालतो. ही कोंडी फोडण्यासाठी हल्ली तयार प्रश्नांच्या याद्या मिळतात, पत्त्यांसारखे कॅटही मिळतात. तुझी सगळ्यात मोठी भीती कोणती? आयुष्यातला कोणता निर्णय बदलावासा वाटतो? बेटावर अडकलास तर कोणत्या तीन वस्तू नेशील? हेतू चांगला आहे, पण गाडीतल्या मित्रांसाठी ही औषधयोजना चुकीची आहे असे माझे मत आहे. निसर्गरम्य रस्त्यावर गप्पा सुरू करायच्या तर प्रश्न माणसाच्या मनाला न घालता रस्त्याला घालावा. मनातले मग आपसूक निघते.

याद्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा नेहमी पुढे केला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली 36 प्रश्नांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्यांनी पाऊण तासात हे प्रश्न क्रमाने एकमेकांना विचारले आणि वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. प्रयोग खोटा नाही, मात्र तो कोणावर झाला ते पाहायला हवे. माणसे दोनच होती, एकमेकांना अपरिचित होती, समोरासमोर बसली होती आणि आपण प्रयोगात भाग घेत आहोत हे त्यांना ठाऊक होते. शिवाय प्रश्न हलक्याकडून खोलाकडे पायरीपायरीने जात होते. आपल्या गाडीत पाच जण कोंबलेले असतात. मागच्या सीटवर मधे बसलेला, पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत पुढच्या दोन सीटांमधून मान काढून बसलेला असतो. सगळे एकमेकांना पंधरा वर्षे ओळखत असतात, आणि त्यातल्या दोघांचे मागच्या वर्षी पैशांवरून बिनसलेलेही असते. अशा ठिकाणी ‘तुझा सगळ्यात मोठा पश्चात्ताप कोणता’ हे विचारले की एकतर चेष्टा होते, नाहीतर शांतता पसरते. गाडी चालू असल्याने उठून बाहेरही जाता येत नाही.

आता खिडकीबाहेर पाहू. पौड ओलांडले की पुढे मुळशीचा जलाशय दिसू लागतो. गाड्या थांबतात, फोटो निघतात, ‘काय भारी व्ह्यू आहे’ असे म्हणून सगळे पुन्हा आत बसतात. इथे एकाने एवढेच विचारावे: या पाण्याखाली काय आहे? उत्तर आहे, मावळातली गावे आणि भातखाचरे. टाटांच्या कंपनीने मुंबईच्या विजेसाठी हे धरण बांधायला घेतले तेव्हा जमिनी वाचवण्यासाठी 1921 साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो तीन वर्षे चालला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. पुण्यातला सेनापती बापट रस्ता आपण रोज शिव्या देत ओलांडतो, ते नाव इथून आले. पुढचा प्रश्न त्याहून मजेदार आहे: हे पाणी जाते कुठे? मुळा ही पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी एरवी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते. धरणातून ते उलटे फिरवून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते आणि तिथून कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते. कोलाडला सकाळी सकाळी जे राफ्टिंग चालते ते याच वीजनिर्मितीतून सुटणाऱ्या पाण्यावर. गाडीतल्या एखाद्याने ते केलेले असतेच. आपण ज्या पाण्यावर हेल्मेट घालून ओरडत होतो ते देशावरून आणलेले होते हे कळल्यावर तो गप्प बसणे शक्य नाही. मग मुंबईला वीज हवी होती की नको? गावे बुडवण्याखेरीज दुसरा मार्ग होता का? दुष्काळाच्या वर्षी हे पाणी पूर्वेकडे वळवा अशी मागणी आजही होते, ती रास्त आहे का? घाट सुरू होईपर्यंत गाडीत दोन तट पडलेले असतात, आणि वाद एकमेकांच्या पगाराबद्दल किंवा मुलांच्या टक्क्यांबद्दल नसतो.

अशा प्रश्नाचे पूर्ण उत्तर गाडीत कोणालाच ठाऊक नसते, आणि प्रत्येकाकडे त्याचा एखादा तुकडा असतो. म्हणून तो प्रश्न चालतो. सिव्हिल इंजिनिअर बोगद्याबद्दल बोलतो. साताऱ्याकडच्याला कोयना आठवते. आणि ज्याच्या आजोबांचे गाव धरणात गेले, त्याने कॉलेजच्या चार वर्षांत जे सांगितले नव्हते ते इथे निघते, कारण त्याला कोणी मन मोकळे करायला सांगितलेले नसते. विषय धरणाचा असतो, त्यामुळे हवे तेवढे सांगून थांबण्याची मुभा राहते. गाडीत सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात, हाही फायदाच. डोळ्याला डोळा भिडवून जे सांगता येत नाही ते वायपरकडे बघत सांगता येते. पुढचे काम फक्त ऐकणाऱ्याचे: ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारायचे. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिले की समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे लोकांना अधिक आवडतात. यादीतला पुढचा प्रश्न वाचणाऱ्याला नेमके हेच जमत नाही.

यावर पहिला आक्षेप येणार तो असा की सहलीला निघालोय की भूगोलाच्या तासाला? आक्षेप बरोबर आहे. प्रत्येक गटात एक स्वयंघोषित गाइड असतो. तो शिवकालापासून सुरू झाला की थांबतच नाही. त्याला आवरायलाच हवे. पण प्रश्नाला माहिती लागतेच असे नाही. रस्त्याच्या कडेला ‘एनए प्लॉट’चे फलक दर फर्लांगावर आहेत. ते पाहून ‘आपण पाच जण मिळून एक घेऊया का?’ हे वाक्य प्रत्येक गाडीत, प्रत्येक वर्षी, त्याच वळणावर उच्चारले जाते आणि परतताना विसरले जाते. त्याऐवजी विचारा की या तुकड्याच्या सातबाऱ्यावर आधी कोणाचे नाव असेल, आणि जमीन विकून तो माणूस कुठे गेला असेल. किंवा प्लास्टिकच्या छपराखाली कणीस भाजणारी बाई पावसाळा संपल्यावर काय करत असेल? खाली उतरून तिच्याशी नीट बोलले तर तीच सांगेल, मात्र कणीस घ्यावे आणि घासाघीस करू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: मैत्री जुन्या किश्श्यांवरच जगते, नवे विषय हवेतच कशाला? मास्तरांची नक्कल, होस्टेलची खिचडी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा गोंधळ हे शंभरदा ऐकूनही हसू येते. ते टाळावे असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मित्रांकडे एकमेकांसाठी फक्त विशीतले किस्से उरतात, ते चाळिशीतल्या मित्राला ओळखतच नसतात. शिवाय त्या गटात एखाद्याची बायको, एखादीचा नवरा, ऑफिसातला नवा सोबती असेल तर जुन्या किश्श्यांत तो दिवसभर पाहुणा राहतो. मुळशीचे पाणी सगळ्यांना सारखेच नवे असते.

राहिला चालवणाऱ्याचा प्रश्न. बोलण्याने लक्ष विचलित होते, हे खरेच. पण अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात सिम्युलेटरवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोबाइलवर बोलणाऱ्या चालकांपेक्षा शेजारच्या माणसाशी बोलणाऱ्यांनी गाडी बरीच चांगली चालवली. शेजारच्यालाही रस्ता दिसतो, अवघड जागी त्याचे बोलणे आपोआप कमी होते किंवा वाहतुकीकडे वळते. मग बोलण्याचा विषयच बाहेरचा असेल तर सोय दुहेरी. तरीही ताम्हिणीत धुके उतरले, काच आतून धुरकट झाली आणि शेजारचा फडक्याने ती पुसू लागला की सगळ्यांनी तोंड बंद ठेवावे, आणि चालवणाऱ्याला मत विचारू नये. उत्तर चटकन मोबाइलवर शोधण्याचा मोहही आवरावा. घाटात रेंज जाते ती बरीच कामाला येते. दोन तास चुकीचे तर्क लढवून, घाट उतरून श्रीवर्धनला जेवताना खरे काय ते पाहिले तर जेवणही रंगते.

हे सगळे जातानाचे झाले. रविवारी संध्याकाळी परतताना भूगावच्या कोंडीत, ओले बूट आणि अर्धे फरसाण पायाशी घेऊन बसलेल्यांना सह्याद्रीबद्दल काही विचारणे ही क्रूरता आहे. तिथे कोणाचे लग्न मोडले आणि कोणाला प्रमोशन मिळाले, हेच विषय काढावेत.