स्टेपनी पाहूनच धान भरा

पऱ्हे टाकण्याआधी आपण बियाणे मिठाच्या पाण्यात सोडून पाहतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरीव खाली बसतो. खताची पिशवी घेताना तिची शिलाई तपासतो. पण चार-पाच महिने राबून हाती आलेला धान ज्या गाडीत भरतो, त्या गाडीची स्टेपनी वाकून पाहणारा शेतकरी विरळाच. गाडीवाला म्हणतो, "आहे ना भाऊ, खाली लटकली आहे." आपणही मान डोलावतो आणि कट्टे चढवू लागतो.

नुसती लटकलेली स्टेपनी आणि कामाला येणारी स्टेपनी यांत मोठा फरक आहे. तो फरक कळतो तो रात्री, जंगलात आणि भरल्या गाडीखाली.

आपल्या जिल्ह्याची ठेवण पाहा. सालेकसा तालुक्यातला दरेकसा भाग, देवरीतला चिचगड, अर्जुनी मोरगावातला केशोरी, इथून केंद्राकडे किंवा बाजाराकडे निघालेल्या गाडीला वाटेत लांबच लांब जंगल लागते. कोहमारा ते नवेगावबांध रस्त्यावरही तेच. पंक्चरचे दुकान गावाच्या चौकात असते, जंगलात नसते. त्यात बांधीतून पांदणीवर आणि पांदणीवरून डांबरी रस्त्यावर येईपर्यंत बाभळीचे काटे, बंडीचे खिळे आणि उघडी पडलेली गिट्टी टायरची परीक्षा घेत असतात.

पिकअप अडकली तर नुकसान कोणाचे? गाडीवाल्याचे भाडे बुडते, पण धान आपला असतो. हमीभाव केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा धान चालतो, त्यावर गेला की परत. वाळवून, उफणून नेलेला धान रस्त्यात रात्रभर उघड्यावर राहिला आणि वरून अवकाळीची सर आली, तर सारी मेहनत मातीमोल. केंद्रावरचा नंबर जातो तो वेगळाच.

आता गंमत पाहा. स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केला आहे की तो परका वाटतच नाही. 1904 च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचे. पंक्चर झाले की वाटेतच टायर उतरवून जोडत बसावे लागे. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते, तेच नाव चाकाला पडले. शंभर वर्षांहून जुनी सोय आहे ही, आणि आपण ती गंजवत ठेवतो.

कोणी म्हणेल, आता ट्यूबलेस टायर आले, सरकारनेच स्टेपनीची सक्ती काढली. हे अर्धे खरे आहे. 2020 साली केंद्र सरकारने सवलत दिली ती प्रवासी मोटारींना, आणि तीही ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य गाडीत असेल तर. मालवाहू पिकअपने तिचा आधार घेऊ नये. शिवाय दुरुस्तीच्या दोरीने टायरच्या तळव्यातले खिळ्याचे भोक बुजते. गिट्टीने बाजूची भिंत चिरली तर ती दोरी काही कामाची नाही. आपल्या रस्त्यांवर चिरण्याचीच भीती जास्त.

तेव्हा गाडी दारात आली की कट्टा चढवण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली, स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची आणि तेवढाच भार पेलणारी आहे का. लहान-मोठे चाक मागच्या एक्सलला बसवले तर आतल्या गिअरवर सतत ताण येतो. नक्षी झिजून 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर नियमानेही बाद. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 3219 म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा. न वापरताही रबर म्हातारे होते, बारीक भेगा दिसल्या तर विश्वास ठेवू नका.

दुसरी, हवा. मागच्या चाकाला भरल्या गाडीत जेवढी लागते तेवढी स्टेपनीत भरून ठेवावी. जास्तीची हवा जंगलात सोडता येते, कमी असलेली भरता येत नाही.

तिसरी, हात पोचतो का. हौद्यात ठेवलेली स्टेपनी कट्ट्यांखाली गाडली जाते. मग अंधारात 35-40 कट्टे उतरवा आणि पुन्हा चढवा. खाली लटकणारी असेल तर तिची साखळी चिखलाने आणि गंजाने जाम होते. महिन्यातून एकदा खाली सोडून ग्रीस लावावे. टपावर बांधायची असेल तर पट्टा पक्का हवा, आणि वरचे वजन वळणावर गाडी झुकवते हे ध्यानात ठेवावे.

चौथी, जॅक, पाना आणि एक जाड फळी. बांधीच्या मऊ मातीत फळीशिवाय जॅक खालीच रुततो. चाकांना दगडाची ओट लावून, नट आधी सैल करून मगच गाडी उचलावी. कट्ट्यांवर मजूर बसवूच नयेत. बसले असतील तर आधी उतरवावेत.

यासोबत भाराचेही पाहा. दीड टनाची परवानगी असलेल्या गाडीत 40 किलोचे 37 कट्टे बसतात. 50 चढवले की 2 टन झाले. दोन फेऱ्यांचे भाडे वाचवायला जाऊन टायर फुटतो, तेव्हा स्टेपनीही तोच जादा भार सोसणार असते.

दुसरी स्टेपनी लागते का? गावाजवळ फेऱ्या मारणाऱ्याला नाही. पण आतल्या भागातून हंगामभर धान ओढणाऱ्या गाडीला ती असावी. तिचे वजन धानाच्या एका कट्ट्यापेक्षा कमीच भरते. एकट्याला खर्च जड वाटत असेल तर शेतकरी गटाने किंवा सेवा सहकारी संस्थेने गावात जास्त चालणाऱ्या गाडीच्या मापाचे एक तयार चाक घेऊन ठेवावे. निरोप आला की मोटारसायकलवर बांधून पोचवता येते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पांदणीवर गिट्टी टाकून रोलर न फिरवता सोडली, की ती रस्ता राहत नाही, टायर कापायची सुरी होते. दबाई आणि वर मुरूम एवढे काम कापणीआधी उरकून घ्या.

भाडे ठरवताना "किती घेशील" हा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या आधी "स्टेपनी खाली सोडून दाखव" एवढे म्हणायला शिका. जो गाडीवाला दोन मिनिटांत दाखवेल, त्याच्याच गाडीत धान भरा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.