पनीर, मासळी आणि परीक्षकाचा तराजू

२०२३ च्या आरंभी ‘मास्टरशेफ इंडिया’चे सातवे पर्व दूरचित्रवाणीवर सुरू झाले, तेव्हा परीक्षकांच्या आसनावर विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा होते. स्पर्धकांमध्ये जैन आहारनियम पाळणाऱ्या अरुणा विजय होत्या. मासळीच्या आव्हानाच्या दिवशी इतर स्पर्धकांपुढे मासे आले आणि अरुणाताईंना मात्र पनीर मिळाले. त्यावरून समाजमाध्यमांत मोठी ओरड झाली. स्पर्धा सर्वांसाठी सारखी नसेल तर ती स्पर्धा कसली, असा एका बाजूचा प्रश्न होता. जैन घरांतून स्वाभाविकच दुसरा प्रश्न उमटला : स्पर्धकाचा नियम ठाऊक असूनच तिला निवडले, तर तो नियम पाळू देण्यात उपकार कोणता?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोन्ही बाजूंनी दोष चुकीच्या ठिकाणी शोधला. सवलत दिली यात काहीच वावगे नव्हते. खोट होती ती पनीर या निवडीत.

व्यापारी घराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. सराफाचा काटा आणि धान्याच्या वखारीतला काटा एक नसतो. एकावर गुंजेचा फरक दिसतो, दुसऱ्यावर पोते चढते. तरीही वैधमापन खात्याचा शिक्का दोहोंवर हवा असतो, आणि तो ठरावीक मुदतीने पुन्हा मारून घ्यावा लागतो. माल वेगळा म्हणून काटा वेगळा, एवढे ग्राहक मान्य करतो. शिक्का नसलेला काटा तो मान्य करीत नाही. परीक्षकाचे खरे काम हा शिक्का मारण्याचे आहे आणि ते पदार्थ तोंडात घालण्याच्या कितीतरी आधी, आव्हान ठरवतानाच सुरू होते.

मासळी हाताळणे हे वेळेचे आणि हातोटीचे काम आहे. ती साफ करणे, काटा सोडवणे, आणि मुख्य म्हणजे नेमक्या क्षणी आचेवरून उतरवणे. दोन मिनिटे इकडेतिकडे झाली की पदार्थ बिघडला. पनीर त्यामानाने फार सोशिक. थोडे अधिक शिजले तर चिवट होईल, पण हातचे जाणार नाही. तेव्हा मासळीच्या बदल्यात पनीर देणे म्हणजे कठीण गणिताच्या बदल्यात सोपे गणित देणे झाले, आणि त्याचा बोल मात्र सोडवणाऱ्या बाईंना लागला.

त्या दिवशी मासळीच्या तोडीचे शाकाहारी आव्हान देणे अशक्य होते काय? सुरळीची वडी घ्या. बेसन आणि ताक यांचे मिश्रण आचेवर घोटताना एक क्षण असा येतो की त्याच क्षणी ते ताटाच्या पाठीवर पसरावे लागते. आधी पसरले तर गुंडाळी होत नाही, नंतर पसरले तर चिरा पडतात. तिथे हात अडखळला तर दुरुस्ती नाही. किंवा कांदा, लसूण, आले, बटाटा यांतले काहीही न घेता दाट, खमंग रस्सा करावयास सांगावा. त्याला अंग येण्यासाठी कच्चे केळे, दुधी, टोमॅटो, काजू किंवा मगज यांचा आधार घ्यावा लागतो. वासासाठी हिंग आणि ओल्या आल्याच्या जागी सुंठ. ओले आले वर्ज्य आणि सुंठ ग्राह्य, ओली हळद वर्ज्य आणि वाळलेली ग्राह्य, हा भेद जैन घरातली दहा वर्षांची मुलगीही जाणते. मोठमोठ्या उपाहारगृहांतील आचाऱ्यांना तो समजावून सांगावा लागतो. असे आव्हान मिळाले असते, तर पक्षपात शब्दाला जागाच उरली नसती. उलट इतर स्पर्धकांनी सुटकेचा निःश्वास सोडला असता.

याच कार्यक्रमाचे २०१५ चे चौथे पर्व संपूर्ण शाकाहारी होते. संजीव कपूर, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार तेव्हा परीक्षक होते आणि निकिता गांधी विजेत्या ठरल्या. त्या पर्वात सवलतीचा हा प्रश्नच उद्भवू शकत नव्हता, कारण स्वयंपाकघराचा नियम सर्वांना एकच होता. मिश्र स्पर्धेत तेवढी सोय नसते, आणि तिथेच परीक्षकाची कसोटी लागते.

अडचण आणखी एका ठिकाणी आहे, आणि ती आहाराच्या नियमाहून जुनी आहे. या स्पर्धांत गुरू आणि परीक्षक बहुधा एकच असतो. ‘मास्टरशेफ’ मूळचा ब्रिटनमधला, १९९० सालचा. आपल्याकडे तो २०१० मध्ये आला तेव्हा अभिनेते अक्षय कुमार यांच्या जोडीला कुणाल कपूर आणि अजय चोप्रा हे दोन व्यावसायिक शेफ बसले, आणि पंकज भदौरिया या शिक्षिका नोकरी सोडून स्पर्धेत उतरून पहिल्या विजेत्या झाल्या. तेव्हापासून चित्र तेच आहे. घड्याळ चालू असताना परीक्षक ओट्याओट्यांवरून फिरतात, वाकून पाहतात, चमच्याने चाखतात. हे फिरणे निव्वळ शोभेचे नाही. चित्रीकरणाच्या गडबडीत सजवलेले ताट समोर येईपर्यंत अन्न निवते, म्हणून चव बरीचशी या फेरीतच घेतली जाते. पण या फेरीत परीक्षक बोलतोही. “एवढ्या वेळात होईल ना?” एवढे चार शब्द ऐकून स्पर्धक बेत बदलतो. एका ओट्यापाशी ते चार शब्द उच्चारले आणि शेजारच्या ओट्यापाशी उच्चारले नाहीत, की निकालाचे अर्धे काम झाले. पेढीवर हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असू नये, हे शहाणपण जुन्या दुकानदारांनी कोणा परदेशी पुस्तकातून घेतलेले नव्हते.

मराठी वाहिनीवर ‘किचन कल्लाकार’मध्ये प्रशांत दामले महाराजांच्या आसनावर होते आणि ‘पूर्णब्रह्म’ ही मराठी उपाहारगृहे उभारणाऱ्या जयंती कठाळे पाककलेच्या जाणकार म्हणून होत्या. तिथे हार-जीत कोणी मनावर घेत नसे, हा भाग वेगळा.

निव्वळ गुरू कसा असतो, याचे उदाहरण जैन आणि गुजराती घरांना जवळचे आहे. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत आपल्या घरी पाककलेचे वर्ग सुरू केले, १९७४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ख्याती कोणाला गुण देऊन झाली नाही. मापे नेमकी दिली, जिन्नस आपल्या बाजारात मिळेल असाच सांगितला आणि शाकाहारी स्वयंपाकाला कमीपणा येऊ दिला नाही; विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली की नाही हे तिच्या घरातल्या पंगतीने ठरवले.

मीरा-भाईंदरमध्ये हा विषय केवळ दूरचित्रवाणीपुरता राहत नाही. भाईंदर पश्चिमेच्या देरासरांच्या आणि बाजारांच्या गजबजीतून निघून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी ही गावे ओलांडली की किनाऱ्याच्या टोकाला चौक लागते. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला इथलाच. खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. या किनाऱ्यावर बांबूच्या पराती बांधून बोंबील वाळवले जातात. तेच अनेक कोळी कुटुंबांचे पावसाळ्याचे अन्न आणि वर्षाची मिळकत. महापालिका एकच, आणि तिच्या एका टोकाला वाळवणीची मासळी तर दुसऱ्या टोकाला पर्युषणात हिरवी भाजीही न शिजवणारी घरे. या गावात उद्या शहरभराची पाककला स्पर्धा भरली आणि चौकची कोळीण व भाईंदरची श्राविका शेजारशेजारच्या ओट्यांवर उभ्या राहिल्या, तर परीक्षकाने काय करावे? कोळिणीला पनीर देऊन समानता साधणार नाही, श्राविकेला मासळी देऊनही नाही. वाळवण हा विषय मात्र दोघींना देता येईल. वाळवून टिकवलेल्या जिनसातून ताजा पदार्थ करणे दोघींच्याही घरची विद्या आहे. एकीकडे बोंबील, दुसरीकडे पापड, वड्या, सांगऱ्या आणि सुकवलेली कैरी. चाखण्याचे भांडे, चमचा आणि ओटा अर्थातच वेगळा.

समाजाच्या वाडीत महिला मंडळांच्या ज्या स्पर्धा होतात, तिथे एवढा विचार क्वचितच होतो. देणगीदारांच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंना परीक्षक म्हणून बसवणे हा सन्मान असतो. त्यांनी आपल्या भाचीला दुसरा क्रमांक देणे हाही जणू सन्मानाचाच भाग. कोणी वाईट वाटून घेत नाही, असे म्हणतात. पण घरून खाखरे, नमकीन, जैन केक विकून संसाराला हातभार लावणाऱ्या सुनेला त्या दिवशीचा क्रमांक म्हणजे पुढल्या सहा महिन्यांच्या मागण्या असतात. सगळ्यांसमोर उच्चारलेला “जरा कच्चेच राहिले” हा शेरा तिच्या गिऱ्हाइकांपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचतो. तिला पदार्थ का उतरला नाही हे बाजूला घेऊन सांगणारे माणूस हवे असते, आणि ते गुण देणाऱ्यांपैकी नसावे.

उपाय खर्चाचे नाहीत. ताटांवर नाव न घालता क्रमांक घालावा. मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी निकालाच्या खोलीत जाऊ नये. गुणांचे निकष स्पर्धेच्या आठवडाभर आधी लेखी द्यावेत. आणि वेळ सांभाळावी : चौविहार पाळणारी स्पर्धक सूर्यास्तानंतर आपल्याच आमटीचे मीठ चाखू शकत नाही, परीक्षक चौविहार पाळत असतील तर त्याही नाही. मुंबईच्या परिसरात डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे चारला चुली पेटवून साडेपाचपर्यंत चाखणे संपले पाहिजे. परीक्षकांसाठी ताटाऐवजी लहान वाट्या मांडाव्यात, दोन घासांपुरत्या, म्हणजे उष्टे टाकावे लागणार नाही आणि वाटी धुवून पिणाऱ्या परीक्षकांचीही सोय होईल.