कुबडीलाही काम हवे

अपंग माणसाने सदैव हसतमुख असावे, अशी आपल्या समाजाची एक अपेक्षा असते. तो हसला की लोक ‘काय ही जिद्द!’ म्हणतात आणि गप्प बसला की ‘बिचारा खचला’ म्हणून हळहळतात. धडधाकट माणसाला मात्र सोमवारी आनंदी आणि मंगळवारी चिडका असण्याची मुभा असते. मग उमेद म्हणजे नेमके काय? ती जन्मतःच अंगी असते, की भाषणे ऐकून येते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती कामाने येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. आठव्या वर्षी अपघातात तो गेला. आमच्या घरात महाविद्यालयाचे तोंड पाहणारी मी पहिलीच. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. माझ्यासाठी रडत बसायला तिला सवडच नव्हती. इस्पितळातून घरी आल्यावर पंधरा दिवसांत तिने माझ्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवली आणि म्हणाली, “पाय गेलाय, हात न्हाई गेलं. फोड ह्या.” शेजारणींनी तिला कठोर म्हटले. मला आज वाटते, त्या पाटीएवढे मोठे औषध कोणत्याही डॉक्टराने दिले नाही. पुढे आईच्या बचत गटाची वही माझ्याकडे आली. कोणाचा हप्ता राहिला, व्याज किती झाले, हे विचारायला बायका माझ्याकडे येऊ लागल्या. ज्या माणसाची कोणी वाट पाहते, त्याला सकाळी उठावेच लागते.

याच्या उलट एक वाक्य आहे : ‘तू बस, तुला जमायचे नाही.’ ते बहुधा प्रेमानेच उच्चारले जाते. कवायतीच्या तासाला, सहलीच्या दिवशी, लग्नघरात मी ते ऐकले आहे. गेल्या वर्षी एका श्रमसंस्कार शिबिराच्या वेळीही ऐकले. तिथे रस्त्यासाठी दगड उचलायचे होते, हे खरे. पण त्याच शिबिरात शिधा मोजून द्यायचा होता, पाहणीचे तक्ते भरायचे होते, रोजचा अहवाल लिहायचा होता. यातले कोणते काम पायाने करतात? मला वगळणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांनी फक्त मला विचारले नाही.

जिद्दीचा विषय निघाला की आपल्याकडे मुरलीकांत पेटकर यांचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वेळ होती ३७.३३ सेकंद. ही कथा सांगताना आपण जिद्दीवर थांबतो. पण त्यांना कोणीतरी पाण्यात उतरू दिले होते, हे विसरतो. ‘तू बस’ असे म्हणून कोणी त्यांना खाटेवर ठेवले असते, तर ती जिद्द कुठे पोहली असती? आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. टाळ्यांच्या भरवशावर उमेद ठेवणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

मी ज्या पायावर चालते, त्याचीही गोष्ट बोलकी आहे. पूर्वीचे कृत्रिम पाय बुटात बसणारे होते. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात अनवाणी राबणाऱ्या आपल्या माणसाला ते काय कामाचे? १९६८ च्या सुमारास जयपूरच्या इस्पितळात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा ‘जयपूर फूट’ घडवला. माणसाला त्याच्या कामाकडे परत पाठवायचे, हा त्यामागचा विचार होता. अपंगांसाठी काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा विचार गिरवावा.

अर्थात सगळे दिवस सारखे नसतात. चैत्र-वैशाखात घामाने आतला मोजा भिजतो, कातडी सोलते आणि दोन-दोन दिवस तो पाय बाजूला ठेवून कुबडी घ्यावी लागते. त्या दिवशी मला हसू येत नाही, आणि ते यावे अशी सक्तीही कोणी करू नये. दुखणे लपवणे म्हणजे उमेद नव्हे. दुखते आहे असे सांगून त्या दिवशी जमेल तेवढे करणे, ही माझ्या मते उमेद.

आता थोडे आपल्याविषयी. पंगू, अपंग, विकलांग आणि आता दिव्यांग, असे आमचे नामकरण होत आले आहे. शब्द बदलले, पायऱ्या तशाच राहिल्या. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यास सांगितले आहे. आपल्या ग्रंथालयाला चार पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांच्या. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात धरतात. म्हणजे दोन फुटांच्या चढाला २४ फुटांचा उतार हवा. दारात एक फळी टेकवून तो होत नाही. मी कठडा धरून चढते. पण उद्या चाकाच्या खुर्चीवरून एखादा बंधू किंवा भगिनी आली, तर तिच्या जिद्दीची परीक्षा आपण पायऱ्यांवर घेणार काय?

माझ्या मित्रमैत्रिणींनो, गुरुजनहो, मागणे फार मोठे नाही. स्नेहसंमेलनात आमचा सत्कार करू नका, समितीत घ्या. ‘तू बस’ म्हणण्याआधी ‘तू काय करशील?’ एवढे विचारा. आणि सोपवलेले काम आमच्याकडून बिघडले, तर इतरांना रागावता तसेच आम्हालाही रागवा. आम्ही तुमच्यातलेच आहोत, हे आम्हाला त्याच दिवशी पटेल.